अंगठा आत

“लवंग पडली,” पियानोवरची मान न वळवता पेरीन मिस म्हणाल्या. “कोणाची?”

कोणाची म्हणजे काय, माझीच. लाकडी फळ्यांवर लवंग पडल्याचा आवाज होतो यावर माझा आजही विश्वास नाही, पण मिसना तो यायचा.

“माझी, मिस.”

“मग क्लास संपल्यावर सुनीती गुप्ते हॉल झाडेल. उचल ती. अंगठा आत.”

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी तेरा वर्षांची होते. पुण्यात कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एका हॉलमध्ये पेरीन मिस शनिवार-रविवार सकाळी बॅले शिकवायच्या. इतर दिवशी तिथे टेबल टेनिस चालायचं. हात धरून उभं राहायला भिंतीला नळाचा पाइप ठोकलेला होता. आम्ही अकरा मुली. आईने मला तिथे घातलं, कारण शेजारच्या फणसळकरांची मुलगी कथ्थकला जायची आणि आमचं काहीतरी वेगळं असायला हवं होतं. दुसऱ्याकडे बघून स्वतःचं ठरवायचं, हा आमच्या घरचा गुण. तो माझ्यात जरा जास्तच उतरला.

बॅले म्हटलं की लोक पायांचं कौतुक करतात. मिस पायांना फारशी किंमत द्यायच्या नाहीत. “पाय काय, मारून मारून कोणाचा पण होते,” असं त्यांच्या पारशी मराठीत म्हणायच्या. “हात बघायचा.” कोपर उचललेलं, मनगट सैल, बोटं सुटी पण पसरलेली नाहीत, मधलं बोट किंचित खाली आणि अंगठा आत, मधल्या बोटाच्या सावलीत. समोरून बघणाऱ्याला तो दिसता कामा नये. ऐकायला सोपं आहे. करून बघा. दोन मिनिटांत तुम्ही पायांचा विचार करायला लागता आणि अंगठा आपला बाहेर येऊन उभा. “अंगठा म्हणजे आगाऊ पाहुणा,” मिस म्हणायच्या, “न बोलावता बाहेरच्या खोलीत येऊन बसते.” म्हणून त्या प्रत्येकीच्या दोन्ही हातांत, अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये एकेक लवंग द्यायच्या. तासभर ती सांभाळायची. पडली की झाडू.

त्या वर्षी मी हातात झाडू येऊ देणार नव्हते, कारण त्या वर्षी निशिगंध माझा होता.

निशिगंध हा मिसनी स्वतः बसवलेला चार मिनिटांचा नाच. डिसेंबरच्या कार्यक्रमात दर वर्षी एकच मुलगी तो करायची. पाय जवळजवळ हलतच नाहीत. नुसते हात. कळी जमिनीपासून वर येते, वाऱ्याने वाकते, उमलते. ज्या मुलीने तो केला तिचं नाव मिस हॉलमधल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाने लिहायच्या. नऊ नावं झाली होती. दहाव्या नावाची जागा मला डोळे मिटूनही दाखवता आली असती. मी तीन वर्षं वाट पाहिली होती. माझ्यापुढच्या दोघी दहावीला गेल्या होत्या आणि मागच्यांना अजून डावं-उजवं कळत नव्हतं. आईने झग्यासाठी पांढरी जाळी आणून ठेवली होती.

जुलैत एस्तेर साळवे आली.

तिचे वडील पियानो दुरुस्त करायचे. मिसच्या पियानोची एक पट्टी पावसाळ्यात दरवर्षी दाबली की वरच यायची नाही, तेव्हा साळवे यायचे. त्या वेळी सोबत मुलीला घेऊन आले. मुलगी काळीसावळी, उंच, नगरहून नुकतीच पुण्याला आलेली. ती वडिलांची हत्यारांची पेटी पुढ्यात धरून उभी होती. मिस तिच्याकडे बघतच राहिल्या.

“डीकरी, पेटी खाली ठेव,” मिस म्हणाल्या. “आता हात तसाच राहू दे. हलू नको.”

तिने पेटी ठेवली आणि हात तसेच राहू दिले. आम्ही अकराजणी वळलो. तिचे दोन्ही हात पोटासमोर गोल, बोटं सैल, मधलं बोट किंचित खाली. आणि अंगठा? दिसतच नव्हता. एकाही हाताचा नाही.

“कुठे शिकली?”

“कुठे नाही,” ती घाबरून म्हणाली. “मी असेच धरते.”

“असेच धरते!” मिसनी आमच्याकडे वळून डोळे मोठे केले. “ऐकला? असेच धरते!”

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते डिसेंबरपर्यंत थांबलं नाही. हे मी उगाच सौम्य करून सांगणार नाही. मला ती मुलगी आवडत नव्हती असं नव्हे. आवडण्या-न आवडण्यापर्यंत मी गेलेच नाही. मला फक्त तिचे हात दिसायचे. पुढच्याच शनिवारी ती क्लासला आली. पायांना काही येत नव्हतं, वळताना भिंतीवर आपटायची, पण मिसनी तिला लवंग दिलीच नाही. “हिला कशाला?” म्हणाल्या. बाराजणींत अकराजणींच्या हातात लवंग आणि एक मोकळी. घरी मी जेवताना, अभ्यास करताना, दात घासताना लवंग धरायला लागले. आईचा डबा रिकामा झाला. बाबा म्हणाले, “हिचे दात दुखताहेत का?”

ऑगस्टच्या शेवटी मिसनी सांगितलं, “निशिगंध एस्तेर करेल.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, ते मला बघायचं नव्हतं म्हणून मी कपाटाकडे बघितलं.

“सुनीती, तू तिला शिकवायला मदत कर. तुला सगळा पाठ आहे.”

“हो, मिस,” मी म्हटलं.

आता मी तिच्या शेजारी उभी राहायला लागले आणि मला एकेक गोष्ट दिसू लागली. क्लासनंतर आम्ही सगळ्या मागच्या नळावर ओंजळीने पाणी प्यायचो. एस्तेर डाव्या हाताने प्यायची. कोणी चांगलं केलं की आम्ही टाळ्या वाजवायचो, तेव्हा ती उजवा हात मुठीत ठेवून डाव्या हाताने त्यावर थापट्या मारायची. बुटांच्या फिती बांधताना भिंतीकडे तोंड करायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आमची आजी फणसळकरांना म्हणायची. मी अक्षरशः वाकले. सप्टेंबरातल्या एका रविवारी ती जिन्यात बसून फिती सोडत होती. मी वरच्या पायरीवर चप्पल शोधायचं निमित्त करून कठड्यातून खाली बघितलं.

तिच्या उजव्या अंगठ्याला बाहेरच्या बाजूने आणखी एक अंगठा होता. बोराएवढा. त्याला नखही होतं, आणि ते नीट कापलेलं होतं.

मी मागे सरकले. पहिल्यांदा मला आनंद झाला. मग वाटलं, सांगू का मिसना? पण सांगून काय झालं असतं? मिसनी तिला जवळ घेतलं असतं. सगळ्याजणींनी चुकचुक केली असती आणि ती निशिगंधाबरोबर बिचारीही झाली असती. मला ते नको होतं. मला ती आपणहून जायला हवी होती.

पुढच्या शनिवारी तालीम संपल्यावर मी मिसच्या पियानोपाशी गेले.

“मिस, एक विचारू? निशिगंध शेवटी उमलतोच कुठे?”

“म्हणजे?”

निशिगंधाच्या शेवटी हात डोक्यावर जायचे आणि गोल होऊन थांबायचे. बोटं सैल, अंगठे आत. नऊ वर्षं तो तसाच संपत होता.

“म्हणजे ती अजून कळीच राहते ना. शेवटी तळहात लोकांकडे करायचे. असे.” मी दोन्ही हात पुढे करून दहाही बोटं पसरली. “अंगठ्यासकट. सगळा नाच अंगठा आत आणि शेवटी एकदाच बाहेर.”

मिसनी पियानोच्या झाकणावर थाप मारली.

“नऊ वर्षं मी चुकीचा संपवते! एस्तेर! इकडे ये. सुनीतीने बघ काय काढला. कर.”

एस्तेर पुढे आली. हात वर नेले. तिथे थांबली.

“उघड,” मिस म्हणाल्या.

“पुढच्या वेळी करते, मिस.”

“आता काय झाला?”

“हात दुखतोय,” एस्तेर म्हणाली. उजवी मूठ तिने पाठीमागे घेतली होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी तिच्याकडे मनसोक्त बघितलं.

त्यानंतरचे दोन आठवडे ती आली नाही. मिस दाराकडे बघत राहायच्या. दुसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, “सुनीती, तोपर्यंत तू उभी राहा.” मी उभी राहिले. लवंग एकदाच पडली. घरी जाऊन मी आईला जाळी काढायला सांगितली.

तिसऱ्या शनिवारी मी हॉलच्या जिन्यापाशी पोचले तर एस्तेर तिथे उभी होती.

“तुझीच वाट बघत होते,” ती म्हणाली. “तुला एक दाखवायचंय. आधी तुलाच दाखवते, मग मिसना.”

तिने उजवा हात पुढे केला आणि उघडला. ती तो माझ्या तोंडासमोर धरून उभी राहिली.

“तुला कधी दिसला नव्हता ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“कुणालाच नाही दिसला. शाळेतसुद्धा फक्त एका बाईंना माहितेय. नगरला असताना पोरं सहाबोटी म्हणायची, तेव्हापासून लपवते. इथं आल्यावर मी ठरवलं की कुणाला दिसूच द्यायचा नाही.” ती हसली. “पप्पा दरवर्षी म्हणतात, मिशनच्या दवाखान्यात जाऊ, डॉक्टर काढून देतील. मी भ्यायचे. सुई बघितली तरी मला घेरी येते. पण तू तो शेवट काढलास ना, त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, पप्पा, चला. दिवाळीच्या सुट्टीत करणार आहेत.”

“दुखेल ना?” मी विचारलं.

“दुखू दे. फूल उमलायला नको का? तूच तर म्हणालीस.” आणि तिने तो हात माझ्या खांद्यावर ठेवला, दोन्ही अंगठ्यांसकट. “तुझ्यामुळे झालं बघ, सुनीती.”

त्या रात्री मी जेवले नाही. पश्चात्तापाने असेल असं वाटण्याचा संभव आहे, म्हणून सांगते, संतापाने. मी तिच्या वाटेत खड्डा खणला होता आणि ती त्याच्यावर पूल बांधून पलीकडे जाणार होती. आता ती नितळ हात घेऊन परत येणार, तिला जन्मापासून जमणारं सगळं करणार आणि शेवटी मी शोधलेला शेवटही तीच करणार. मी तिच्यासाठी नाच सुधारून ठेवला होता.

दिवाळीत आमच्याकडे कंदील लागले, करंज्या झाल्या. मी गच्चीवर उभी राहून हात वर न्यायचे आणि खाली आणायचे. लवंग घेतच नव्हते. घ्यायची आठवणच होत नव्हती. डोक्यात एकच, की तिकडे तिचा अंगठा निघाला असेल. बरा होत असेल. आजी एकदा गच्चीवर वाळवण काढायला आली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “हात छान करतेस गं. पण तोंड असं का, कुणाचं वाईट चिंतल्यासारखं?”

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी एस्तेर आली. जिन्यावरून धावत आली, वळताना दारावर आपटली आणि हॉलच्या मध्ये येऊन तिने दोन्ही हात वर केले. दहा बोटं. उजव्या अंगठ्याच्या कडेला एक गुलाबी रेघ.

मुलींनी गलका केला. प्रत्येकीला हात बघायचा होता आणि ती दाखवत होती, एकेकीपुढे जाऊन, प्रसाद वाटावा तशी. मिस ती रेघ बघून, सगळं ऐकून खुर्चीत बसल्या. त्यांना तोपर्यंत काही माहीत नव्हतं. एस्तेर त्यांना सांगायला आली त्या शनिवारी मिस आजारी पडून क्लासच झाला नव्हता, मग सुट्टी लागली, आणि मी कशाला सांगेन?

“चल,” शेवटी मिस म्हणाल्या. “निशिगंध. सुरुवातीपासून.”

पियानो सुरू झाला. एस्तेर बसली, उठली, हात पुढे आले. मिसची बोटं पट्ट्यांवर अडखळली.

अंगठा बाहेर होता.

“अंगठा आत,” मिस म्हणाल्या. एस्तेरने तो आत घेतला. चार पावलांनी तो पुन्हा बाहेर आला. एकाच हाताचा नाही, दोन्ही हातांचे. उघडे, मजेत, बाकी सगळ्या जगाचे असतात तसे. कोपर वर, मनगट सैल, सगळं तेच, आणि तरी तो हात कोणाचाही असू शकला असता. मिसनी वाजवणं थांबवलं. पियानोखालच्या डब्यातून दोन लवंगा काढल्या आणि तिच्या हातांत दिल्या. तिसऱ्याच सुराला एक पडली. एस्तेर उचलायला वाकली तेव्हा दुसरी पडली. ती खळखळून हसायला लागली.

“मिस, राहतच नाही आता! कसं ठेवू?”

“पहिला कसा ठेवत होती?”

“पहिला मी ठेवत नव्हते, मिस. लपवत होते.”

मिस हळूच म्हणाल्या, “अरे खोदाय. आणि मी त्याला ग्रेस म्हणत होती.”

तीन आठवडे त्यांनी प्रयत्न केला. रबराची चकती लावली, दोरा बांधला. एस्तेरने मनापासून केलं, पण इतकी वर्षं आत कोंडलेला अंगठा बाहेर आला होता आणि तो परत जायला तयार नव्हता. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी मिसनी तिला समोर बसवून काहीतरी सांगितलं. ती मान हलवत होती. मग स्वतःच माझ्याकडे आली.

“निशिगंध तू कर,” ती म्हणाली. “मला राग नाही आला. खरंच. मी पप्पांबरोबर बघायला येते. तिसऱ्या ओळीत बसते, म्हणजे तुला दिसेन.”

मुली गेल्यावर मिसनी मला थांबवलं. मी नाच करून दाखवला. त्यांनी लवंगेचा डबा पुढे केला.

“नको, मिस,” मी म्हटलं. “लागत नाही आता.”

“हां. बघितला मी. दिवाळीनंतर तुझा अंगठा एकदा पण बाहेर नाही आला.” डबा त्यांनी बंद केला. “तो शेवट तू काढला, तेव्हा तुला तिचा हात माहीत होता?”

नळाच्या पाइपावर कोणाची तरी ओढणी राहिली होती, मी तिच्याकडे बघत राहिले.

“हात चांगला झाला तुझा,” मिस म्हणाल्या. “बाकीचा मी शिकवत नाही. रविवारी चार वाजता ये.”

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. दुपारचं ऊन खिडक्यांतून आत आलं होतं आणि पडद्यामागूनही मला तिसरी ओळ दिसत होती. साळवे कोट घालून आले होते. एस्तेरच्या केसांत पांढरी फीत होती. माझे आई-बाबा पहिल्या ओळीत होते, फणसळकरांना मुद्दाम घेऊन आले होते.

मी इतकी चांगली कधी नाचले नव्हते. पुढेही नाही. कळी जमिनीवरून वर आली, वाकली, सरळ झाली. हात माझे आहेत असं मला वाटत नव्हतं. सभागृहात खोकल्याचाही आवाज नव्हता. शेवटचे सूर आले. हात डोक्यावर गेले, तिथून समोर आले, आणि मला ते उघडायचे होते.

अंगठे हलेनात.

चार बोटं पसरली. अंगठे तळहाताला चिकटून राहिले. मिसनी शेवटचा सूर धरून ठेवला होता. मी जोर केला. माझा चेहरा काय झाला असेल मला माहीत नाही. मी समोर बघितलं. तिसऱ्या ओळीत एस्तेर खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले होते. दहाही बोटं पसरलेली, तळवे माझ्याकडे. ती मला दाखवत होती. तोंडाने आवाज न करता म्हणत होती, असं. असं, सुनीती.

मला जमलं नाही. मिसनी सूर सोडला.

लोकांना काही कळलं नाही. नऊ वर्षं तो मिटलेलाच संपायचा, दहाव्या वर्षीही तसाच संपला. टाळ्या पडल्या. आई रडत होती. मिसनी सोमवारी कपाटाच्या दारावर माझं नाव लिहिलं, नऊ नावांच्या खाली, बाकीच्यांसारख्याच पांढऱ्या रंगात. ते बघायला मी गेले नाही.

पण टाळ्या पडल्या त्या क्षणी मी नमस्कार करून उभी होते, आणि इतक्या लोकांत मला एकच टाळी ऐकू येत होती. तळहातावर तळहात, पूर्ण उघडे, डोक्याच्या वर नेऊन ती वाजवत होती. तिने कधी अशी टाळी वाजवलेली मी बघितली नव्हती. निशिगंध मला मिळाला होता, आणि मी वर उभी राहून तिच्या टाळीवर जळत होते.